गंज न चढणाऱ्या तोफा

मामंजींच्या पलटणीने उमेदीची सगळी वर्षं आकाशाचं रक्षण करण्यात घालवली. फाटकावर तसं मोठ्या अक्षरांत रंगवलेलंच आहे, ‘आकाश आमचं’. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांनी ते वाचून मामंजींना विचारलं होतं म्हणे, की आकाश तुमचं, तर मग त्यातून जाणारी विमानं कोणाची? मामंजींनी तेव्हा उत्तर दिलं नाही. अजून विचार चालू असावा.

विमानविरोधी तोफखान्याची ही पलटण. स्थापनेपासून आजवर तिने एकही विमान पाडलेलं नाही. यात कुचेष्टा नाही. प्रयत्नांत कसूर कधीच नव्हती. एका पहाटे बगळ्यांच्या थव्यावर तिने असा काही मारा केला होता की बगळ्यांनी पुढे कित्येक वर्षं त्या तळ्याकडे फिरकणंच सोडलं. सरावाच्या वेळी विमानामागे लांब दोरखंडाने एक कापडी नळा बांधून ओढतात आणि तोफा त्या नळ्यावर नेम धरतात. एका सरावात नळा सुखरूप राहिला आणि दोरखंड तुटला. नळा गावातल्या शाळेच्या छपरावर पडला. मुख्याध्यापकांनी त्याचे पडदे शिवून घेतले, ते चांगले टिकले. पलटणीने आकाशातून खाली आणलेला ऐवज तेवढाच.

अशा पलटणीचा सुवर्णमहोत्सव आला आणि कर्नलसाहेबांच्या मनात आलं की इतिहास लिहून काढावा. आता इतिहास लिहायचा म्हणजे काहीतरी घडलेलं असावं लागतं. या लोकांची अडचण अशी, की काम चोख झालं तर काहीच घडत नाही आणि काम बिघडलं तर लिहायला कोणी उरत नाही. तरी साहेबांनी ते काम एका तरुण कप्तानावर सोपवलं. त्याला इतिहासाची आवड होती म्हणून नव्हे, फुटबॉल खेळताना त्याचा पाय मोडला होता म्हणून. सैन्यात ज्याला पळता येत नाही त्याला मागे वळून बघायला बसवतात.

तो कुबडी टेकत आमच्याकडे आला तेव्हा मी माळ ओढत बसले होते. ती बाजूला ठेवून चहा टाकला. मुलगा स्वभावाने गोड. मामंजींना काका म्हणाला, सासूबाईंना वाकून नमस्कार केला, बिस्किटं संपवली आणि मग विषयाला हात घातला. पलटणीच्या साऱ्या इतिहासात खरी लढाई अशी एकच, चौथ्या बॅटरीची, म्हणजे चार तोफांच्या तुकडीची. नदीवरच्या पुलावर हल्ला करायला आलेली विमानं चौथ्या बॅटरीने भयंकर मारा करून पिटाळली. चारही तोफा बळी गेल्या, पण पूल वाचला. त्या बॅटरीतले आता मामंजी एकटेच हयात होते, म्हणून त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. शेवटी कप्तान कौतुकाने म्हणाला की सगळ्यांत मोठा चमत्कार म्हणजे एवढ्या धुमश्चक्रीत आपला एकही माणूस गेला नाही.

सासूबाई आत भाजी निवडत होत्या. त्या उठल्या. देवांच्या फळीवर एका कडेला त्यांच्या थोरल्या भावाचा फोटो असतो. मी रोज देवांबरोबर त्याचीही धूळ पुसते. तो फोटो घेऊन त्या बाहेर आल्या आणि कप्तानाच्या कपाशेजारी उभा केला.

“एकही गेला नाही ना?” त्या म्हणाल्या. “मग हा कुठे गेला ते शोधून द्या. मी किती वर्षांची थांबले आहे.”

कप्तान फोटोकडे बघत राहिला. फोटोत एक उंच, किडकिडीत तरुण उभा होता. पाय इतके लांब आणि बारीक की पलटणीत त्याला सगळे चिमटा म्हणत. शिवाय तो स्वयंपाकी, त्यामुळे नाव दोन्हीकडून बसलं. कप्तानाने नंतर कचेरीत जाऊन पाहिलं, तर कागदावर हा स्वयंपाकी लढाईच्या आधीपासून मुख्य स्वयंपाकघरातून विनापरवानगी गैरहजर होता आणि पुन्हा कधी हजर झाला नाही. म्हणजे सरळ भाषेत, पळाला. सासूबाईंच्या माहेरच्या गल्लीत बायका याहून सरळ भाषा वापरत. सासूबाई पाण्याला गेल्या की मागून कुजबूज होई, पळपुट्याची बहीण आली. त्यांचे वडील त्या कुजबुजीतच गेले.

पलटणीच्या सभागृहात संगमरवरी सन्मानफलक आहे. सेवेत असताना गेलेल्यांची नावं त्यावर कोरलेली आहेत. ट्रक उलटून गेलेल्यांची आहेत, विहिरीत पोहायला उतरलेल्या एकाचं आहे, अजीर्णाने गेलेल्या एका सुभाषितप्रेमी मेजरांचंही आहे. सगळ्यांना सद्गती मिळो. नाही ते फक्त चिमट्याचं. सासूबाईंना बाकी काही नको होतं. त्या फलकावर ते नाव आपल्या डोळ्यांनी वाचायचं आणि मग देव केव्हाही बोलावो, एवढंच त्या म्हणत.

त्या दिवशी फोटो समोर आला तशी मामंजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग कप्तानाला म्हणाले की लिहून घे, पण पूर्ण लिही. आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.

चौथी बॅटरी लाकडाची होती.

शत्रूची विमानं आधी वरून फोटो काढून जात आणि मग बॉम्ब टाकायला येत. म्हणून पुलापासून दूर, मोकळ्या माळावर चार खोट्या तोफा उभ्या केल्या होत्या, म्हणजे त्यांनी पुलावर येण्याऐवजी तिकडे जावं. बाभळीचे ओंडके, वर करडा रंग, नळीच्या टोकाला काळा गोल रंगवलेला, की वरून बघणाऱ्याला भोक वाटावं. तोफांभोवती पेंढा भरलेले जवान उभे केले होते, जुन्या गणवेशात. आणि हे सगळं खरं वाटावं म्हणून मूठभर जिवंत माणसं तिथे राहत. चूल पेटवायची, पायवाटा तुडवायच्या, दोरीवर कपडे वाळत घालायचे. मामंजी त्यांतले एक.

आता गुप्तता म्हटली की आपल्या लोकांना दुसरं काही सुचत नाही. चौथी बॅटरी खोटी आहे हे शत्रूच्या हेराला कळू नये म्हणून ते कचेरीतही कोणाला सांगितलं नाही. कोठारवाल्याच्या दृष्टीने पहिली, दुसरी, तिसरी तशीच चौथी. तो तिला नेमाने सगळं पाठवी. तोफांच्या नळ्यांना लावायचं तेल, पूर्ण बॅटरीचं रेशन, पेंढ्याच्या जवानांसाठी लोकरीचे मोजे. आणि तोफगोळे. पेट्यांवर पेट्या. परत पाठवावे तर गुपित फुटेल, म्हणून वरून हुकूम आला की मुकाट्याने उतरवून घ्या. तिकडे पुलाजवळच्या खऱ्या बॅटऱ्या गोळ्यांसाठी गळा काढत होत्या. त्यांना उत्तर जाई की तुमच्या पलटणीचा वाटा केव्हाच पोचला आहे.

रेशन तिकडे येतं म्हटल्यावर स्वयंपाकीही तिकडे हवा. म्हणून चिमट्याला माळावर पाठवलं, तोंडी हुकमाने. लेखी द्यायचं तर पुन्हा गुपित फुटणार.

चिमटा आला आणि माळाला घरपण आलं, असं मामंजी म्हणाले. तो सगळ्यांत आधी दोरीवर ओरडला. तिथे तेच ते वाळके कपडे चार-चार दिवस लटकत असत. चिमट्याचं म्हणणं, वाळलेला सदरा कोणी दोरीवर ठेवत नाही. वरून बघणारा काही आंधळा नसतो. त्याच्याही घरी आई असेल, बायको असेल. त्याला लगेच कळेल की इथे माणूस राहत नाही. तेव्हापासून रोज सकाळी तो भांडी आटोपली की तेच कपडे पुन्हा भिजवी, पिळी आणि दोरीवर टाकी. मळलेले नसताना. बाकीचे हसत. तो म्हणे, हसा, पण ओले ठेवा.

एकदा मुख्यालयातून पाहणीला एक मेजर आला. पाऊस पडून गेलेला, चिखल खूप. मेजर जीपमधून उतरलाच नाही. काच खाली करून लांबूनच त्याने चारही बॅटऱ्या पाहिल्या आणि निकाल दिला. सर्वोत्तम देखभालीचा चषक चौथ्या बॅटरीला. शेऱ्यात त्याने लिहिलं की तोफांवर गंजाचा एक ठिपकाही आढळला नाही, आणि जवानांची शिस्त तर अशी की पूर्ण पाहणीत एकानेही पापणी लववली नाही.

तो चषक अजून मेसच्या काचेच्या कपाटात आहे. दर आठवड्याला त्याला पॉलिश होतं.

यावर कप्तान इतका हसला की त्याचा पाय दुखू लागला. मामंजी हसले नाहीत. ते थांबले, पाणी प्यायले आणि पुढचं सांगितलं. ते मी त्यांनी सांगितलं तसं, जमेल तेवढं लिहिते.

भोंगा झाला. विमानं आली. खऱ्या तोफांनी होते नव्हते तेवढे गोळे उडवले आणि त्या गप्प झाल्या. पुलावर तेव्हा गाव सोडून निघालेली माणसं होती, डोक्यावर ट्रंका, कडेवर पोरं, पूल नुसता भरलेला. माळावरचे सगळे खंदकात उतरले. खोट्या बॅटरीने तेवढंच करायचं असतं. एक विमान खाली आलं आणि माळावर घिरटी घातली. तोफा दिसत होत्या, माणसं दिसत होती, पण भोंगा होऊनही एकही माणूस हलत नव्हता. पेंढ्याची ती.

“हे गधडे हलत नाहीत, त्याला कळणार,” चिमटा म्हणाला. आणि खंदकातून वर चढला.

मामंजींनी त्याचा पाय धरला होता. पाय बारीक, हातातून निसटला. चिमटा एका पेंढ्याच्या जवानाला काखेत मारून पळत सुटला. पहिल्या तोफेपासून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे. एका ठिकाणी वाकायचा, एका ठिकाणी हात वर करून कोणालातरी हाका मारायचा. एक माणूस आणि एक पेंढ्याचा, पण वरून वाटावं की पूर्ण बॅटरी धावपळ करते आहे. विमानाला वाटलंच. ते वळलं, मागची विमानंही वळली आणि पुलावर पडायचं होतं ते सगळं माळावर पडलं.

मग कोठारवाल्याने भक्तिभावाने पाठवलेल्या गोळ्यांच्या पेट्या पेटल्या. ते गोळे एकामागून एक असे फुटत राहिले, आकाशात असा जाळ उडाला, की शत्रूला वाटलं इथे शंभर तोफा आहेत. विमानं निघून गेली. पलटणीच्या इतिहासातला तो भयंकर मारा हाच. चिमट्याचं काही सापडलं नाही. पेंढ्याच्या जवानाचा एक मोजा सापडला, लोकरीचा.

सासूबाई हे पहिल्यांदा ऐकत नव्हत्या. चिमट्याची पेटी घरी पोचवायला मामंजी गेले होते तेव्हा त्यांनी हेच सांगितलं होतं, याच क्रमाने, गुपित म्हणून घराबाहेर न्यायचं नाही या अटीवर. पुढे त्या दोघांचं लग्न झालं ते त्या सांगण्यातूनच. तरीही “पाय निसटला” हे वाक्य आलं की त्या उठून आत जातात. त्या दिवशीही गेल्या.

कप्तान म्हणाला की हे तर सगळ्यांत मोठं प्रकरण होईल. भाबडा. मी त्याला आणखी चहा दिला.

आठवड्याभरात कर्नलसाहेबांनी मामंजींना बोलावून घेतलं. सोबतीला मी गेले. साहेबांचं टेबल एवढं स्वच्छ होतं की तिथे काही काम होत असेल अशी शंकासुद्धा येऊ नये. साहेब नम्रपणे बोलले. अडचण त्यांनी उलगडून सांगितली. लढाईनंतर पलटणीने वर कळवलं होतं की चौथ्या बॅटरीच्या चार तोफा नष्ट झाल्या. सरकारने तत्परतेने त्यांच्या जागी चार नव्या कोऱ्या तोफा दिल्या. लोखंडी. बाभळीच्या चार ओंडक्यांच्या बदल्यात. त्यांच्यावरच पुढे पलटण वाढली, नाव झालं, साहेबही इथवर आले. आता सुवर्णमहोत्सवाच्या पुस्तकात छापायचं का, की ती लाकडं होती?

पण साहेब कठोर नव्हते. त्यांनी तोड काढली होती. स्वयंपाक्याचं नाव पुस्तकातही घालू आणि फलकावरही कोरू. फक्त असं लिहू की तोफ चालवणारा पडल्यावर स्वयंपाकी धावून गेला आणि शेवटचा गोळा संपेपर्यंत त्याने तोफ चालवली. मामंजींनी साक्षीदार म्हणून खाली सही करायची, म्हणजे झालं.

“त्या तोफेला भोक नव्हतं साहेब,” मामंजी म्हणाले.

साहेब म्हणाले की त्याने काय बिघडतं. मामंजी उठले. आम्ही घरी आलो.

घरी आल्यावर जे झालं ते लिहू नये असं वाटत होतं, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांना आधी कळलं की नाव लागणार. त्यांचे डोळे भरून आले. मग कळलं की मामंजी सही न करता आले. त्यांनी पदराने डोळे कोरडे केले.

“छापू द्या की तोफ चालवली म्हणून,” त्या म्हणाल्या. “पळाला यापेक्षा तर बरंच ना ते?”

“अगं, तो पळालाच. पळाला म्हणून तर पूल राहिला.” मामंजींचा आवाज खाली गेला. “तोफ काय, कोणीही चालवतं. तसा पळाला तो एकटाच. तेवढंच त्याचं आहे. तेही काढून घेऊ?”

पुढचे कितीतरी दिवस सासूबाई मामंजींशी माझ्यामार्फत बोलत होत्या. सूनबाई, यांना सांग जेवण वाढलंय. सूनबाई, विचार यांना, सत्याला मीठ लागतं का. मी निरोप इकडून तिकडे नेत असे, टोक जरा बोथट करून. आपल्याकडून तेवढंच होतं. मामंजींचं खोट्याशी जन्मात जमलेलं नाही. पाहुण्यांसमोर सुद्धा भाजीत मीठ जास्त असेल तर तसं सांगतात आणि मग दुसऱ्यांदा वाढून घेतात.

सुवर्णमहोत्सवाला आम्हाला बोलावणं होतं. सासूबाई येणार नाही म्हणाल्या आणि सगळ्यांआधी तयार होऊन बसल्या. सभागृहात गालिचा, फुलं, बँड. चषकाचं कपाट मेसमधून उचलून व्यासपीठावर आणून ठेवलेलं, आतला चषक झगझगत होता. त्याच्या मागे तो संगमरवरी फलक. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो, सासूबाई मध्ये, आणि त्या फलकाकडे बघतच नव्हत्या. इतक्या निश्चयाने बघत नव्हत्या की मलाच रडू येईल असं वाटलं.

प्रमुख पाहुणे होते एक निवृत्त जनरलसाहेब. छातीवर पदकांची एवढी दाटी की बसताना वाजत. कर्नलसाहेबांनी ओळख करून देताना सांगितलं की हेच ते, ज्यांनी तरुणपणी मेजर असताना स्वतःच्या हाताने चौथ्या बॅटरीला हा चषक दिला. टाळ्या झाल्या. मामंजींनी मान वर केली. कप्तान कोपऱ्यात कुबडी धरून उभा होता. त्याचंही तोंड उघडं राहिलं. हे त्यालाही माहीत नव्हतं.

जनरलसाहेब बोलायला उठले. आजकालच्या जवानांत शिस्त राहिली नाही इथून सुरुवात झाली. मग त्यांना ती जुनी पाहणी आठवली. काय त्या तोफा. गंजाचा ठिपका नाही. काय ते जवान. पापणी हलत नाही. असे पुतळ्यासारखे जवान मी पुन्हा पाहिले नाहीत, असं म्हणून त्यांनी समोरच्या तरुण जवानांकडे खेदाने पाहिलं.

मामंजी उभे राहिले. ते ठरवून आले नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. त्यांना फक्त चुकीचं ऐकवत नाही.

“साहेब, गंज नव्हता, कारण तोफा लाकडाच्या होत्या,” ते म्हणाले. “आणि ते जवान पेंढ्याचे.”

सभागृहात कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. कर्नलसाहेब खोकले. खोकला थांबेना. जनरलसाहेबांनी चषकाकडे पाहिलं, मग समोर बसलेल्या पलटणीकडे, मग पहिल्या रांगेतल्या वार्ताहरांकडे. त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर पुढचं आयुष्य उभं राहिलेलं मला दिसलं, ज्यात लोक त्यांना पेंढ्याला सलाम ठोकणारा म्हणून ओळखतील. पण माणूस उगाच जनरल होत नाही. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

“अर्थात लाकडाच्या होत्या,” ते म्हणाले. “ती योजना माझीच होती.”

मग त्यांना कंठ फुटला. शत्रूला फसवायचं हे त्यांनी मुख्यालयात बसून कसं योजलं, पाहणीचा देखावा कसा केला, खोट्या बॅटरीला चषक देऊन हेरांना कसं चकवलं. जीपमधून उतरले नाहीत तेही मुद्दाम. जवळ गेलो असतो तर संशय आला असता. चिखलाचा उल्लेख राहून गेला. आणि शेवटी त्यांनी हात पुढे करून मामंजींना विचारलं की तुम्ही तर तिथे होता, सांगा यांना, बरोबर ना?

सगळं सभागृह मामंजींकडे वळलं. मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. नाही म्हणाले असते तर तिथेच सगळं संपलं असतं, आणि खऱ्याशिवाय दुसरं काही त्यांच्या तोंडून कधी निघालेलं नाही. मामंजींनी सासूबाईंकडे पाहिलं. मग फलकाकडे.

“हो साहेब. योजना तुमचीच,” मामंजी म्हणाले. “आणि पेंढ्याची माणसं हलत नाहीत, म्हणून हल्ला झाला की एका जिवंत माणसाने तोफांमधून पळायचं, हा हुकूमही तुमचाच.”

जनरलसाहेबांची गाडी आता उताराला लागली होती. “अर्थातच,” ते म्हणाले.

“तो स्वयंपाकी पळाला साहेब, तुमच्या हुकमावरून. वरचे बॉम्ब त्याने स्वतःवर घेतले, म्हणून पूल वाचला.” मामंजींनी फलकाकडे बोट केलं. “पलटणीच्या कागदांत तो गैरहजर आहे.”

जनरलसाहेब वळले आणि कर्नलसाहेबांकडे बघितलं. त्या नजरेत अपमान होता, आणि तो खरा होता; स्वतःच्या हुकमाचा अपमान मोठ्या माणसाला सहन होत नाही, हुकूम दिलेला नसला तरी.

“माझ्या हुकमावर असलेला माणूस गैरहजर कसा?” त्यांनी विचारलं.

कर्नलसाहेबांचा खोकला एकदम बरा झाला. ते म्हणाले की कारकुनी चूक असावी, ताबडतोब दुरुस्त करतो. कोपऱ्यात कप्तान मान खाली घालून भराभर लिहीत होता. त्याचे खांदे हलत होते. हसत होता की काय, सांगता येत नाही.

परतताना गाडीत सासूबाई इतक्या दिवसांत पहिल्यांदा थेट मामंजींशी बोलल्या.

“खोटं बोललात.”

“हो.”

“त्याच्याबद्दल नाही बोललात.”

“नाही.”

त्यांनी पिशवीतून बडीशेप काढली आणि आधी मामंजींना दिली.

पुस्तक छापून आलं. देखणं आहे. चौथ्या बॅटरीचं प्रकरण त्यात सगळ्यांत मोठं, आणि पहिल्या पानावर जनरलसाहेबांचा फोटो, नकाशावर बोट ठेवलेला. त्यांना त्या योजनेबद्दल नंतर आणखी एक पदक मिळालं, असं ऐकते. बसताना आता जास्त वाजत असतील. बाभळीच्या बदल्यात आलेल्या लोखंडी तोफांचा विषय पुस्तकात कुठेच नाही. तेवढी गुप्तता अजून पाळली जाते. चिमटा मात्र त्यात जसा पळाला तसाच आहे, पेंढ्याच्या जवानाला काखेत घेऊन. कप्तानाने एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही. आणि फलकावर नाव लागलं. सासूबाईंनी बोट फिरवून अक्षर अन् अक्षर वाचलं, मग पदराने ती जागा पुसली, घरच्या फोटोसारखी.

फाटकाशी स्मारकही झालं. चौथ्या बॅटरीची एक तोफ हुबेहूब उभी केली आहे. लाकूड टिकत नाही म्हणून ठेकेदाराने ती लोखंडात ओतली, त्यामुळे पहिल्याच पावसाळ्यात तिला गंज चढला. एका जवानाची ड्युटी लागली आहे तेल लावायची. तोफेमागे दोरी बांधली आहे आणि दोरीवर सदरे, इतिहासात आहे तसे. सदरे इस्त्री केलेले, चिमट्यांनी पक्के लावलेले, कडक. दर सोमवारी बदलावेत असा हुकूम आहे.

आम्ही ते बघायला गेलो तेव्हा मामंजी दोरीपुढे बराच वेळ उभे राहिले. बाहीला हात लावून पाहिला. मग एक सदरा काढला, पहारेकऱ्याच्या नळावर नेला, भिजवला, पिळला आणि परत आणून दोरीवर टाकला. पहारेकरी अडवणार होता. सासूबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

मग त्या पुढे झाल्या आणि सदऱ्याची बाही झटकून सरळ केली. पिळणं काही तुम्हाला जन्मात जमलं नाही, म्हणाल्या. सदऱ्यातून पाणी ठिबकत होतं, तोफेच्या चाकावर, नव्या गंजावर. सासूबाईंनी डोळ्यांवर हात धरून वर आकाशाकडे पाहिलं. रिकामं होतं.

“आता वाटतंय,” त्या म्हणाल्या, “कोणीतरी राहतं इथे.”